क्लासिकल गिटारवरचं संशोधन खान्देशात का व्हावं: संशोधन-मार्गदर्शकांना खुलं पत्र

प्रति,
खान्देशातल्या महाविद्यालयांतील संगीत, पदार्थविज्ञान आणि इतिहास विषयांचे संशोधन-मार्गदर्शक,
तसेच संशोधन आराखड्यांवर निर्णय देणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

सन्माननीय गुरुजनहो,

सप्रेम नमस्कार.

मी जळगावात राहते. सकाळी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, संध्याकाळी घरी क्लासिकल गिटारचा वर्ग घेते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पीएच.डी.साठी आराखडा दिला होता. मुलगी चोपड्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली आणि मुंबईला जाऊन ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या क्लासिकल गिटारच्या परीक्षा देत देत आठव्या ग्रेडपर्यंत पोचली. तिचा विषय होता: खान्देशातल्या उन्हाळ्यात क्लासिकल गिटारच्या वरच्या फळीचं कंपन कसं बदलतं. आराखडा परत आला. शेरा जेमतेम दोन ओळींचा: वाद्य परकीय आहे, विषयाला स्थानिक उपयुक्तता दिसत नाही. वर तोंडी सल्ला मिळाला, ‘ताई, सतारीवर काहीतरी घ्या, लगेच मंजूर होईल.’

हा शेरा कुणी दिला ते इथे लिहीत नाही. कारण तो एका समितीचा राहिलेला नाही. गिटार म्हटलं की गॅदरिंगमधली चार कॉर्डची गाणी डोळ्यासमोर येतात आणि त्यात संशोधन करण्यासारखं ते काय, असा प्रश्न चांगल्या, अभ्यासू माणसांनाही पडतो. म्हणून एका व्यक्तीला उत्तर देण्याऐवजी आपल्या सगळ्यांना उद्देशून लिहिते आहे.

आधी वाद्याबद्दल थोडं. क्लासिकल गिटारला सहा तारा असतात, वरच्या तीन नायलॉनच्या आणि खालच्या तीन रेशमासारख्या बारीक धाग्यांवर धातूची तार गुंडाळलेल्या. ती बोटांनी आणि नखांनी वाजते, प्लेक्ट्रम (तार छेडायची नखी) नाही. अंगठा खर्जातली ओळ धरतो आणि उरलेली बोटं वर दुसरी, कधी तिसरीही ओळ चालवतात. एकाच माणसाच्या दोन हातांतून दोन-तीन सुरावटी एकाच वेळी पुढे जातात, हे या वाद्याचं खरं बळ. ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांनी गिटारवर रागसंगीत वाजवून ते जगाला ऐकवलं, पण ती तारांवर धातूची दांडी सरकवून वाजवायची गिटार. तिची घडण वेगळी आणि प्रश्नही वेगळे. मी बोलते आहे ती स्पेनमध्ये एकोणिसाव्या शतकात आजच्या रूपाला आलेल्या गिटारबद्दल.

आता ‘परकीय’ या शब्दाकडे वळते, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

आपल्या अमळनेरला १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तिथे शंकराचार्यांबरोबर कांट आणि हेगेल वाचले गेले. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक अमळनेरहून निघत असे आणि देशभरातले तत्त्वज्ञ त्यात लिहीत. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत काही काळ तिथे संचालक होता. साने गुरुजी शिक्षक होण्याआधी याच संस्थेत शिकायला आले होते. अमळनेरच्या गिरणीमालकाला जर्मन तत्त्वज्ञानाची ‘स्थानिक उपयुक्तता’ काय, हे त्या काळी कुणीतरी विचारलंच असेल. पण आज खान्देशाच्या बौद्धिक इतिहासातलं अभिमानाचं पान कोणतं म्हणून विचाराल, तर मी तरी हेच दाखवीन.

आणि पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना वेगळं काय सांगायचं? चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मृदंग-तबल्याच्या स्वरांवर लिहिलं, १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणेच्या घोडीवर लिहिलं. या दोन निबंधांचा उल्लेख आपण दर विज्ञान दिनाला करतो. पण त्याआधी, १९१८ साली, त्यांनी गजाने वाजणाऱ्या तारांच्या कंपनावर मोठा प्रबंध लिहिला होता, आणि तो व्हायोलिनच्या कुळातल्या वाद्यांबद्दल आहे. काम कलकत्त्यात झालं. व्हायोलिनचं कंपन ज्या नजरेने तपासलं, त्याच नजरेने पुढे त्यांनी तानपुऱ्याची जवारी पाहिली. एक वाद्य दुसऱ्याच्या अभ्यासाच्या आड आलं नाही, उलट उपयोगीच पडलं.

हार्मोनियमची गोष्ट तर आपल्या गावागावातल्या भजनी मंडळांना ठाऊक आहे. पेटी युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. त्या काळात पेटीच्या स्वरांचा, श्रुतींचा, बनावटीचा जो गंभीर अभ्यास व्हायला हवा होता तो मागे पडला, आणि पेटी मात्र वारीत, कीर्तनात, तमाशात वाजतच राहिली. लोक वाद्य स्वीकारतात आणि विद्वान मागून येतात. आज खान्देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी वाद्यांच्या दुकानात जा, पेटी-तबल्याच्या शेजारी भिंतीवर गिटारी टांगलेल्या दिसतील. मुलं त्या घेताहेत आणि शिकताहेत. त्यांना शास्त्रशुद्ध काही सांगायचं असेल तर ते काम आपल्याकडेच यायला हवं.

खुद्द युरोपातही गिटारला हे ऐकावं लागलं आहे. तिच्याकडे चहाड्या-चुगल्यांच्या बैठकीचं, दारूच्या गुत्त्यातलं वाद्य म्हणून पाहिलं जाई. माद्रिदच्या संगीत विद्यालयात गिटारचा पहिला प्राध्यापक म्हणून रेगिनो साइन्स दे ला मासा यांची नेमणूक झाली ती १९३५ मध्ये. म्हणजे गिटार जिथली, त्या देशातही प्राध्यापकाची खुर्ची मिळायला तिला विसावं शतक बरंच उलटावं लागलं. विद्यापीठीय संशोधन त्यानंतरचं. थॉमस हेक यांनी गिटारवादक माउरो जुलियानी आणि व्हिएन्नातली गिटार यांवर येल विद्यापीठात प्रबंध सादर केला तो १९७० साली. ब्रायन जेफरी यांचं फर्नांदो सोर या गिटार-संगीतकारावरचं पुस्तक १९७७ चं. सोर वारले १८३९ मध्ये! तेव्हा हे क्षेत्र फार जुनं नाही आणि दारही बंद झालेलं नाही. आपण उशिरा आलो असं मुळीच नाही.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या विषयाकडे येते. स्थानिक उपयुक्तता दिसत नाही असं ज्याच्याबद्दल म्हटलं गेलं, तो विषय जळगाव-भुसावळपेक्षा चांगला दुसरीकडे कुठे करता येईल, हे मला खरंच कळत नाही.

गिटारची वरची फळी, सतारीच्या भाषेत तबली, साधारण दोन-अडीच मिलिमीटर जाडीची असते. स्प्रूस किंवा सीडरचं लाकूड. त्यावर ब्रिज, म्हणजे तारांची घोडी, चिकटवलेला आणि त्या ब्रिजला सहा तारा मिळून सुमारे ४० किलोचा ताण देतात. एवढी पातळ फळी एवढा ताण सोसते ती आतून चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांच्या जोरावर. या पट्ट्यांची पंख्यासारखी मांडणी आणि ६५० मिलिमीटर लांबीची तार ही आजची घडण पक्की केली आल्मेरियाच्या अंतोनियो दे तोरेस या कारागिराने. तोरेस (१८१७–१८९२) मूळचा सुतार. आवाज घडवते ती वरची फळी, हे त्याचं म्हणणं होतं, आणि ते पटवण्यासाठी त्याने १८६२ मध्ये एक गिटार केली जिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या, फळी तेवढी नेहमीसारखी लाकडाची. बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात ती आजही आहे. एका सुतारानं केलेला हा प्रयोग मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते. एक घटक बदला, बाकी कायम ठेवा, मग कान लावा.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. रेषांच्या दिशेने ते फारसं बदलत नाही, रेषांना आडवं मात्र आकसतं आणि फुगतं. गिटारच्या फळीच्या आत रेषांना आडव्या जाड पट्ट्याही असतात, त्या फळीला मोकळेपणी आकसू देत नाहीत. हवा फार कोरडी झाली की फळी रेषेवर चिरते, बहुतेकदा ब्रिजच्या खालून. चीर पडण्याआधीच फळी थोडी आत बसते, तारा फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या पडद्यांच्या, जवळ येतात आणि खरखर सुरू होते. पावसाळ्यात उलटं घडतं, फळी फुगून वर येते, तारा उंच होतात आणि लहान मुलांच्या बोटांना दाबवत नाहीत. म्हणूनच बनवणारे सांगतात की गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवा. हा आकडा युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी ठीक आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि माझ्या खोलीतला स्वस्तातला आर्द्रतामापक दुपारी २० च्याही खाली उतरलेला मी पाहिला आहे. मग संध्याकाळी कूलर लागतो. ओल्या ताट्यांमधून हवा आली की तासाभरात काटा ६० पार करतो. रात्री वीज गेली की पुन्हा घसरण. एका दिवसात गिटार जणू दोन ऋतू पाहते, आणि हे दोन-अडीच महिने रोज.

कूलर लावलेल्या खान्देशी घरातल्या गिटारचं काय होतं, हा प्रश्न बर्लिन किंवा बोस्टनच्या प्रयोगशाळेला कशाला पडेल? तो आपल्यालाच पडायला हवा, आणि त्याचं उत्तर निघालं तर ते विदर्भालाही लागू पडेल, माळव्यालाही. सतारीच्या तबलीला, तानपुऱ्याला, व्हायोलिनला लागू पडेल. आमच्या वर्गातली मुलं सध्या सच्छिद्र साबणदाणीत ओला स्पंज घालून ती गिटारच्या पेटीत ठेवतात. काही गिटारी त्याने वाचल्या. पण स्पंज किती ओला, किती वेळ, कूलर चालू असताना ठेवायचा की बंद असताना, हे सगळं अंदाजपंचे चाललं आहे. मोजमाप कुणी केलेलं नाही.

तिने मोजायला सुरुवात केली होती. आराखड्यासोबत पहिली निरीक्षणं जोडली होती, ती कुणी उलटून पाहिली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. गिटार आडवी ठेवायची, फळीवर चहाची बारीक पूड भुरभुरायची, शेजारी स्पीकर ठेवून त्यातून एकेक स्वर सोडायचा. २०० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे मोकळ्या तिसऱ्या तारेच्या जवळपास, सगळी फळी एकदम वर-खाली होते आणि पूड सरकत सरकत कडेला जाते. स्वर चढवत नेला की एका जागी पूड अचानक मधोमध गोळा होऊन उभी रेघ उमटते; डावा भाग वर जातो तेव्हा उजवा खाली. अर्न्स्ट क्लाडनी यांनी १७८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकृत्यांचीच ही जात. ‘चहा काबर सांडी राहिनी व माय?’ म्हणत तिची आजी जवळ आली आणि ती रेघ उमटेपर्यंत तिथून हलली नाही. ही रेघ ज्या स्वराला उमटते तो स्वर मार्चमध्ये कोणता आणि मे महिन्यात कोणता, एवढं जरी तीन वर्षं नोंदलं तरी हाती काहीतरी ठोस येईल. लाकूड सुकलं की हलकं आणि ताठ होतं, म्हणून स्वर चढायला हवा हे पुस्तकात आहे. आपल्या कूलरच्या रोजच्या चढउतारात तो किती चढतो, रात्रीतून परत मूळ जागी येतो का, की दर उन्हाळ्यागणिक थोडा थोडा सरकतच जातो, हे पुस्तकात नाही.

लाकडाचा आणखी एक धागा सातपुड्यात जातो. गिटारच्या पाठीला आणि बाजूंना एकेकाळी ब्राझीलचं रोझवुड लावत. ते झाड दुर्मीळ झालं आणि १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आली. त्याची जागा घेतली कुणी? भारतीय रोझवुडने. म्हणजे आपल्या शिसवीने. आज जगभरातल्या चांगल्या क्लासिकल गिटारींच्या पाठी शिसवीच्या आहेत. २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्या कुळावरच व्यापाराचे निर्बंध आले, तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९ उजाडलं, आणि मधल्या काळात वादकांनी परवान्यांपायी हाल काढले. गिटार परकीय म्हणताना तिची पाठ आपल्या मातीतली आहे, एवढं तरी लक्षात घ्यावं.

पाठीच्या लाकडाने आवाजात खरंच किती फरक पडतो, हेही तपासण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं, बाकी सगळं सारखं अशा सहा गिटारी बनवून घेतल्या आणि ५२ वादकांना मंद उजेडात, लाकूड ओळखू येणार नाही अशा रीतीने वाजवायला दिल्या. महाग रोझवुड आणि स्वस्त लाकूड यांत वादकांना फारसा फरक करता आला नाही. त्या गिटारी पोलादी तारांच्या होत्या. नायलॉनच्या तारांसाठी, आपल्याकडच्या सागावर, आपल्या हवेत असाच प्रयोग करायला काय हरकत आहे? टेंभुर्णीचंही असंच. सातपुड्यातल्या बायाबापड्या तिची पानं बिडीसाठी गोळा करतात, पण तिच्या जुन्या खोडाचा काळा गाभा एबनीच्या जातीचा असतो, आणि गिटारच्या दांडीवरची फ्रेटची पट्टी एबनीचीच करतात. झाडं तोडा असं मी म्हणत नाही. जंगलखात्याच्या लिलावात येणाऱ्या, वाळून पडलेल्या लाकडाचे चार तुकडे प्रयोगशाळेत तपासायला तर मिळतील. शिरपूर, नंदुरबार, तळोद्याच्या कॉलेजांना हे विषय हाताशी आहेत.

इतिहासाच्या मार्गदर्शकांनाही दोन शब्द. धुळ्याला राहून आपल्याला कागदांची किंमत सांगावी लागू नये. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले, १९२६ मध्ये धुळ्यात देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. अस्सल कागद हाती आल्याशिवाय विधान करायचं नाही, ही शिस्त आपल्या भागाने देशाला दिली. गिटारच्या इतिहासाला नेमकी हीच शिस्त लागते. एकच उदाहरण देते. आंद्रेस सेगोव्हिया हा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा गिटारवादक. त्याने एक ‘सूट’ (छोट्या तुकड्यांची मिळून केलेली रचना) वर्षानुवर्षं बाखच्या काळातल्या वाइस नावाच्या ल्यूटवादकाची (ल्यूट म्हणजे गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) म्हणून वाजवली. लोकांनी वाखाणली, दुसऱ्यांनीही वाजवली. प्रत्यक्षात ती त्याच्या मेक्सिकन मित्राने, मान्वेल पोन्सेने, रचलेली होती. सेगोव्हियासाठी रचलेल्या कितीतरी संहिता नुसत्या पडून राहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, २००१ मध्ये, आंजेलो जिलार्दिनो यांना स्पेनमधल्या लिनारेसला, सेगोव्हियाच्या संग्रहात, त्या सापडल्या आणि मग छापल्या गेल्या. पॅराग्वेचा आगुस्तीन बारिओस १९४४ मध्ये एल साल्वादोरमध्ये वारला, तेव्हा युरोपातल्या मैफलींत त्याची दखल जवळपास नव्हती. आज त्याच्याशिवाय कुठल्याही संगीत विद्यालयाचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. हा बदल घडवला तो वह्या, जुन्या तबकड्या आणि पत्रं जमवणाऱ्या लोकांनी.

जुनी गिटार-संहिता वाचणं हे तर मोडी वाचणाऱ्याच्याच हातचं काम आहे. गिटारसाठी छापलेलं सर्वांत जुनं संगीत १५४६ मध्ये सेव्हिलला निघालेल्या, मुदारा या स्पॅनिश संगीतकाराच्या ग्रंथात आहे, आणि ते स्वरलेखनात नाही, आकड्यांत आहे. रेषा म्हणजे तार, आकडा म्हणजे बोट कुठे ठेवायचं ती जागा. इटालियन पद्धतीत सर्वांत वरची रेषा ही सर्वांत खर्जाची तार असते, म्हणजे सगळं उलटं. फ्रेंच पद्धतीत आकड्यांऐवजी अक्षरं. लिपी बसली की वाचता येतं, नाही बसली तर पान मुकं. आणि हे वाचायला आता परदेशी जावं लागत नाही. स्टॉकहोममधला बोइये यांचा एकोणिसाव्या शतकातल्या गिटार-संगीताचा संग्रह, कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीतला संग्रह, दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता आणि उतरवून घेता येतात. पाचोऱ्याच्या मुलाला सोरची मूळ छापील प्रत आज मोबाईलवर दिसते. तीस वर्षांपूर्वी हे मुंबईच्या प्राध्यापकालाही जमलं नसतं.

आणि आपले स्वतःचे कागद? मी पहिले धडे घेतले भुसावळला, रेल्वेच्या एका निवृत्त गार्डांकडे. त्यांच्याकडे एक जाड वही होती. मात्तेओ कार्कासीचे अभ्यास-तुकडे त्यात हाताने उतरवलेले, बोटांचे आकडे पेन्सिलीने, काही ठिकाणी खोडून वेगळी बोटं, समासात तारखा आणि शिकणाऱ्यांची नावं. ते गेले, घर विकलं, वही रद्दीत गेली. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. तिथे कोण काय वाजवी, कोण शिकवी, तारा कुठून मागवत, सुट्टीत घरी जाताना संगीताची पुस्तकं कुणी आणली, हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. ज्या बहिणाबाईंचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे, त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि मावसभावाने ऐकता ऐकता लिहून ठेवली म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघू शकलं. भुसावळच्या त्या घरांत टेपरेकॉर्डर घेऊन जाणारा एखादा एम.ए.चा विद्यार्थी मिळाला तर अजून वेळ गेलेली नाही. हा तर निखळ स्थानिक इतिहास आहे, त्याला परकीय कोण म्हणेल?

शिकवण्याच्या पद्धतीवरही काम व्हायला हवं, ते थोडक्यात सांगते. आमच्याकडे येणारं मूल बहुधा गांधर्व महाविद्यालयाच्या दोन-तीन परीक्षा दिलेलं असतं, भातखंडे किंवा पलुस्कर स्वरलिपी त्याला येते. ती लिपी एका ओळीची. गिटारला एकाच पाच-रेघीवर (पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या पाच रेषांवर) दोन-तीन ओळी वाचाव्या लागतात. एकीकडून दुसरीकडे मुलाला कसं न्यावं, हा शिक्षणशास्त्राचा सरळ विषय आहे. मी माझ्या हस्तलिखित टिपणांवर वर्ग चालवते. ते पुरेसं नाही.

काही आक्षेप रास्त आहेत, त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला असा की पावरी, डफ, किंगरी, वहीगायन यांच्यावर काम व्हायचं असताना गिटार कशाला. मला ही तळमळ पटते. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी ऐकलेलं कुणीही तिच्याबद्दल बेफिकीर राहू शकणार नाही. पण गिटारचा आराखडा परत पाठवल्याने पावरीवरचा एक तरी प्रबंध वाढला का? ध्वनिमापनाची साधनं, ती वापरायला शिकलेले विद्यार्थी आणि वाद्याला प्रयोगशाळेत आणायची सवय एकदा तयार झाली, की पुढचा विद्यार्थी त्याच टेबलावर पावरी ठेवील. रामन यांच्या बाबतीत हेच घडलं.

दुसरा आक्षेप मार्गदर्शकाचा. संगीताच्या मार्गदर्शकाला ध्वनिविज्ञान येत नाही आणि पदार्थविज्ञानाच्या मार्गदर्शकाला गिटार. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने आंतरविद्याशाखीय कामासाठी बाहेरचा सहमार्गदर्शक घ्यायला मुभा दिली आहे. मार्गदर्शक इथला, सहमार्गदर्शक मुंबईचा, गोव्याचा किंवा आणखी कुठला. नियम आहे, तो वापरायचा एवढंच.

तिसरा आक्षेप दर्जाचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. ‘गिटार: उगम आणि विकास’ अशा नावाखाली इकडून तिकडून उतरवलेली दोनशे पानं मीही मंजूर करणार नाही. तसला आराखडा आला तर जरूर परत पाठवा, शेरा चार ओळींचा लिहा, कारण द्या. पण प्रश्न नेमका आहे का, मोजता येतो का, उत्तराने कुणाचं काही अडलेलं सुटेल का, हे पाहून परत पाठवा. वाद्याचं गाव पाहून नको.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. संगीत आणि पदार्थविज्ञान या दोन्ही मंडळांनी वाद्यविषयक आराखडे एकत्र बसून तपासावेत, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे टोलवायला नको. वादनावर आधारलेला प्रबंध असेल तर तोंडी परीक्षेत वाद्य वाजवून दाखवण्याला वेळ आणि गुण असावेत. आणि धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी निदान एकेका कॉलेजाच्या संगीत कक्षात तापमान-आर्द्रतेची रोजची नोंद यंदापासूनच सुरू करावी. साधन हजार-पाचशेत मिळतं, नोंद विद्यार्थीच करतील, आणि पाच वर्षांनी कुठल्याही वाद्यावर काम करणाऱ्याला ती वही उपयोगी पडेल.

माझ्या विद्यार्थिनीने आराखडा सुधारून पुन्हा सादर केला आहे. चहाच्या पुडीच्या आकृत्या यावेळी पहिल्याच पानावर घेतल्या आहेत. समितीने बोलावलं तर ती गिटार, स्पीकर आणि आर्द्रतामापक घेऊन येईल आणि सगळ्यांसमोर करून दाखवील, मीही सोबत येईन. एवढीच विनंती की निर्णय मार्चअखेर व्हावा. मे महिन्याची मोजमापं मे महिन्यातच घेता येतात, आणि हा उन्हाळा हुकला तर तिचं वर्ष जाईल.

आपली नम्र,
पदार्थविज्ञानाची एक अध्यापिका आणि गिटार-शिक्षिका
जळगाव